बोडीतला गाळ आणि अंगणातले टाके
(द्वितीय वर्ष, कला)

पाण्यात जे काही हिरवे दिसेल त्याला 'शेवाळ' म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली सर्वसाधारण सवय आहे. वास्तविक शेवाळ निराळे आणि पाणवनस्पती निराळ्या. शेवाळाला खरे मूळ, खोड, पान वा फूल नसते. बहुतेक पाणवनस्पतींना हे सारे असते. आमच्या भंडारा-गोंदिया भागात गावोगावी तलाव आणि बोड्या असल्यामुळे या वनस्पती आमच्या रोजच्या पाहण्यातल्या. त्या घरी का वाढवाव्यात आणि कशा वाढवाव्यात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम 'का' या प्रश्नाकडे वळू. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा वाटा मोठा. मालगुजारांच्या काळात गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे ही कामे गाव मिळून होत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि अनेक ठिकाणी ही देखभाल थांबली. त्यातच दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम काठाकाठाने आत शिरली. माझे वडील ढीवर आहेत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र न शिकताही मला जे थोडेफार कळते, ते त्यांच्या डोंग्यात बसून. ते म्हणतात, "पाण्यातलं गवत गेलं, की गावठी मासा गेला." हे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मरळ उथळ पाण्यातल्या वनस्पतींत जागा करून अंडी घालते आणि पिलांना तेथेच राखते. वनस्पतीच नसतील तर तिने घर कोठे करावे? म्हणून या वनस्पतींचे बियाणे कोठेतरी जिवंत राहिले पाहिजे, आणि अंगणातले टाके हे त्याचे एक ठिकाण होऊ शकते.

गाळ हीच बियाण्याची कोठी

चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक साधा प्रयोग नोंदवला आहे. एका लहान तळ्याच्या काठची पाण्याखालची माती त्याने तीन जागांवरून तीन मोठे चमचे घेतली. वाळल्यावर ती अवघी पावणेसात औंस, म्हणजे दोनशे ग्रॅमलाही कमी भरली. ती त्याने आपल्या अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवली आणि उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजले. एकूण रोपे ५३७ निघाली! ही सारी माती एका कपात मावणारी होती.

हा प्रयोग आपल्याकडे कोणालाही करता येईल. मे महिन्यात बोडी आटली, की काठाचा आणि मधला असा ओंजळ-ओंजळ गाळ आणावा. दोन पसरट घमेल्यांत त्याचा बोटभर थर द्यावा. एक घमेले नुसते ओले ठेवावे, दुसऱ्यात चार बोटे पाणी ठेवावे. मी हे दोन उन्हाळे केले. ओल्या घमेल्यात लव्हाळे, माका आणि चार पाकळ्यांसारखे पान असलेली मार्सिलिया आली. पाणी भरलेल्या घमेल्यात हायड्रिलाचे कोंब वर आले. गाळ एकाच बोडीचा, पण पाण्याच्या खोलीप्रमाणे त्यातले निरनिराळे बियाणे जागे झाले. बोडीतही काठापासून मध्यापर्यंत वनस्पतींचे पट्टे का पडतात, याचे उत्तर या दोन घमेल्यांत मिळते.

टाक्याची मांडणी

गुरांना पाणी पाजण्याचे सिमेंटचे जुने टाके किंवा मोठा टब यास पुरतो. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा असावी. तळाला तलावाची किंवा शेताची चिकण माती घालावी. शेणखत मात्र घालू नये. ते पाण्यात कुजते आणि पाणी हिरवेगार होऊन बुडालेल्या वनस्पतींना उजेड मिळत नाही. मातीवर बोटभर रेती पसरावी म्हणजे पाणी गढूळ होत नाही. नळाचे पाणी एक रात्र उघडे ठेवून मग ओतावे. एका बाजूला दगड रचून उथळ जागा केली, तर काठावरच्या वनस्पतींचीही सोय होते.

प्रत्येक वनस्पतीचा स्वभाव वेगळा असतो. कमळाची बी कोरडी राहून जगते. चीनमधील एका आटलेल्या सरोवरातली सुमारे १३०० वर्षांची बी रुजल्याचे संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. मात्र तिचे कवच इतके टणक असते, की एका टोकाला कानशीने घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. शिंगाड्याचे अगदी उलट. तो वाळला, की मेला! बियाण्याचे शिंगाडे उन्हाळाभर पाण्यातच ठेवावे लागतात. पोयणीचा लहान कंद मातीत दाबला तरी पुरे, आणि हायड्रिलाचा तर तुटका तुकडाही जगतो. व्हॅलिस्नेरिया लावावी ती फुलासाठी. तिची नरफुले पाण्याखाली देठापासून सुटतात आणि वर येऊन होडीसारखी तरंगत मादीफुलापाशी जातात. हे बारीक फूल पाहावयास डोळे मात्र पाण्याला लावावे लागतात.

काही पथ्ये

डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. म्हणून टाक्यात गप्पी मासे सोडावेत. पण ते परदेशी असल्याने तलावात कधीही सोडू नयेत. तलावातून आणलेली वनस्पती दोन-तीन पाण्यांत धुऊन गोगलगायी काढून टाकाव्यात, कारण काही गोगलगायींमार्फत गुरांना यकृतकृमीची बाधा होते. तो कृमी पाणवनस्पतींना चिकटून राहतो. तेव्हा धुतलेले पाणी आणि उपटलेला पाला गुरांपुढे टाकू नये.

आणताना एखादा तुकडा, एखादा कंद एवढेच घ्यावे. सबंध ताटवा उपटू नये. अभयारण्यातून व राखीव क्षेत्रातून काहीच आणू नये. देवधानाला तर हात लावू नये. हा रानटी भात मुळात थोड्या तलावांत उरला आहे, आणि गोंदियाचा सारस अशाच पाणथळीवर जगतो.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य परत सोडण्याचे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आली आणि तिने आपल्या नद्या झाकल्या. उलट आपल्याकडची हायड्रिला १९५०च्या दशकात शोभेच्या माशांच्या व्यापारातून अमेरिकेत फ्लोरिडात गेली आणि तेथे उपद्रवी ठरली. दोष वनस्पतीचा नव्हे, तिला भलत्या पाण्यात नेणाऱ्या माणसाचा. म्हणून ज्या बोडीतून आणले त्याच बोडीत परत करावे, आणि बाजारातून आणलेले काहीही बोडीत टाकू नये.

आमच्या भागात ढीवरांनी काही तलावांतली बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत. त्या कामाला रोपे लागतात, आणि ती कोणत्याही सरकारी रोपवाटिकेपेक्षा गावच्या अंगणात सहज तयार होतील. आपल्या कॉलेजात तलावकाठच्या गावांतून येणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. प्रत्येकाने येत्या मे महिन्यात आपापल्या बोडीचा ओंजळभर गाळ भिजत घातला, तर कोणत्या बोडीत काय शिल्लक आहे, याची यादी पावसाळा संपण्याआधी आपल्या हाती येईल.