संमोहन उपचार : शक्ती कोणाची?

गणेशोत्सवात अथवा शाळेच्या स्नेहसंमेलनात संमोहनाचे जाहीर प्रयोग अनेकांनी पाहिले असतील. रंगमंचावरील तरुण कांदा सफरचंद समजून चवीने खातो आणि सभागृह हास्यात बुडून जाते. कार्यक्रम संपल्यावर मात्र एखादा पालक प्रयोगकर्त्याला हळूच विचारतो, "आमच्या मुलीची परीक्षेची भीती घालवाल का?" करमणूक आणि उपचार यांची गल्लत होते ती येथेच.

ही शक्ती संमोहन करणाऱ्याची की होणाऱ्याची, या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लागलेला आहे. आपल्या ठायी चुंबकासारखा अदृश्य प्रवाह असून त्याने रोग बरे होतात, असे मेस्मर हा वैद्य पॅरिसमध्ये सांगत असे. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये हे होते. फ्रँकलिन यांच्या निवासस्थानच्या बागेत मेस्मरच्या एका अनुयायाने एक झाड 'भारित' केले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मूर्च्छित झाला. भारित झाड तेथून चोवीस फूट दूर होते! प्रवाह वगैरे काही नाही, घडते ते कल्पनेच्या बळावर, असा समितीने निर्णय दिला. मेस्मरचा दावा असा निकालात निघाला. मुलाची मूर्च्छा मात्र खरी होती, आणि पुढील अभ्यासाचे बीज तिच्यातच होते.

इंग्लंडमधील शल्यवैद्य जेम्स ब्रेड याने १८४३ च्या आपल्या ग्रंथात या अवस्थेला निद्रेच्या ग्रीक देवतेवरून नाव दिले. ही निद्रा नसून एकाच कल्पनेवर खिळलेले चित्त आहे, हे लक्षात आल्यावर त्याने १८४७ मध्ये दुसरा शब्द सुचविला. परंतु जुनाच रूढ झाला आणि त्याबरोबर झोपेचा गैरसमजही. याच सुमारास, १८४५ पासून, बंगालमध्ये हुगळी येथे डॉ. जेम्स एस्डेल रुग्णांना या अवस्थेत नेऊन शस्त्रक्रिया करीत होते. ईथर व क्लोरोफॉर्म आल्यावर ती पद्धत मागे पडली.

आजच्या उपचारात गूढ असे फारसे नसते. तज्ज्ञ प्रथम रुग्णाची सविस्तर माहिती घेतो. नंतर श्वासाकडे किंवा एखाद्या बिंदूकडे लक्ष वेधून शरीर सैल सोडण्यास सांगतो. लक्ष एकवटले की सूचना दिल्या जातात. परीक्षेला घाबरणारी मुलगी मनातल्या मनात वर्गात शिरते, प्रश्नपत्रिका हाती घेते, धडधड वाढली की श्वास संथ करते. ती जागी असते, ऐकत असते, नको असेल ते नाकारूही शकते. पुढे हाच सराव तिने घरी स्वतः करावयाचा असतो. सर्वांवर परिणाम सारखा होत नाही. काही व्यक्ती फार लवकर प्रतिसाद देतात, काही जवळजवळ देतच नाहीत. रंगमंचावर पहिल्या गटातील माणसेच निवडून घेतलेली असतात, हे प्रेक्षकांच्या ध्यानात येत नाही.

चिंता, विशिष्ट वस्तूंची वा प्रसंगांची भीती, वेदना यांत समुपदेशन व वर्तनोपचार यांच्या जोडीने संमोहनाचा उपयोग होतो. धूम्रपान सोडविण्याबाबत मात्र पुरावा ठाम नाही. भ्रम किंवा भास होणाऱ्या रुग्णावर त्याचा प्रयोग करणे धोक्याचे ठरू शकते. विसरलेल्या आठवणी, एवढेच नव्हे तर पूर्वजन्म 'बाहेर काढून' देतो म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. संमोहित अवस्थेत मन कल्पित गोष्टीही खऱ्या मानून सांगते आणि त्यांवर नंतर ठाम विश्वास बसतो. अशा 'आठवणी'मुळे एखाद्या निरपराध नातेवाइकावर आळ येऊ शकतो.

खरी हानी होते ती विलंबाने. एखादी विद्यार्थिनी वर्गात अचानक भान हरपते, हातपाय ताठ होतात. घरची मंडळी म्हणतात, अंगात येते. शिक्षक म्हणतात, मनावर ताण आहे. तो अपस्मार, म्हणजे फिट्सचा आजार असू शकतो. त्यावर औषधे आहेत. मांत्रिकाकडे गेलेले महिने आणि अर्धशिक्षित 'संमोहनतज्ज्ञा'कडे गेलेले महिने, मुलीच्या दृष्टीने सारखेच वाया गेलेले असतात. म्हणून वैद्यकीय तपासणी आधी, संमोहनाचा विचार नंतर.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २५ नोव्हेंबर २००३ च्या पत्रानुसार, तज्ज्ञ समितीने संमोहनाला स्वतंत्र वैद्यकपद्धती न मानता केवळ उपचारपद्धती मानले आणि ती नोंदणीकृत वैद्यकांनी किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच वापरावी, असे म्हटले. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर नावामागे 'डॉक्टर' लावणाऱ्यास मान्यता आहे, असा याचा अर्थ नाही.

शाळेत वा गावात 'एका दिवसात भीतीमुक्ती' शिबिराचा प्रस्ताव आला, तर मुख्याध्यापकांनी व सरपंचांनी येणाऱ्याची मानसशास्त्रातील किंवा वैद्यकातील पदवी पाहावी, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि शिबिरानंतर मुलांची विचारपूस कोण करणार हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाला बहुधा उत्तर मिळत नाही. मुलाला खरोखर त्रास होत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य सल्लाही मिळतो.