कॅथेटर घरी सांभाळताना

प्रश्न : सासऱ्यांना प्रोस्टेटच्या त्रासामुळे कॅथेटर लावून घरी सोडलंय. रोज डेटॉलने पुसावं का? लघवी जरा गढूळ दिसते, काळजी वाटते.

उत्तर : डेटॉल नको, त्याने नाजूक त्वचा भाजल्यासारखी होते. साधा साबण आणि पाणी पुरे. आधी स्वतःचे हात धुवा. नळी आत जाते तिथून बाहेरच्या दिशेने पुसा, उलट नाही. पुढची कातडी मागे सारली असेल तर पुसून झाल्यावर ती पुन्हा पुढे आणाच. हे हमखास राहून जातं आणि मग सूज येते.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. त्यांना खुर्चीत बसवताना अनेकजण पिशवी मांडीवर ठेवतात, ते टाळा. लघवी मागे फिरते. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधा, नळी आणि पिशवीचा सांधा उगाच उघडू नका.

नुसत्या गढूळपणावर अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप, थंडी, बरळणं, रक्ताच्या गाठी, किंवा पोट फुगूनही पिशवी कोरडी असेल तर लगेच रुग्णालय गाठा. नळी घरी ओढू नका, आत फुगा असतो.