घटक कोण : गाव की माणूस?



अलीकडे सभांतून एक भाषा वारंवार कानी पडते. व्यक्तिस्वातंत्र्य हे पाश्चात्यांचे खूळ, त्याने घर मोडते, आपल्याकडे समाज आधी आणि माणूस नंतर! ऐकायला हे गोड लागते. पण हा ‘समाज’ म्हणजे कोण, ते बोलणाऱ्याला विचारा. त्याने आपल्या वाडवडिलांना कुठे बसवले होते, ते घरातली म्हातारी माणसे सांगतील.

वाद जुनाच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीपुढे मसुदा मांडला, तेव्हा त्यात खेड्याला स्थान नाही अशी तक्रार होती. मसुद्याने खेडे टाकून व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंदच आहे, असे बाबासाहेबांनी सांगितले. ‘घटक’ या शब्दापाशी थोडे थांबा. गाव घटक असते तर हक्क गावाला मिळाले असते; आणि गावाच्या नावाने बोलणार कोण? पाटील, देशमुख. आपल्या वाट्याला पुन्हा येसकरकीच! माणूस घटक झाला म्हणून मत एकेकाचे, पाणवठ्याचा हक्क एकेकाचा, आणि कलम २५ प्रमाणे धर्म निवडण्याची विवेकबुद्धीही एकेकाची. १९५६ साली नागपुरात दीक्षा घेणाऱ्याला गावाची परवानगी लागली नाही ती यामुळेच. आणि पाश्चात्य म्हणावे तर केसपुत्ताच्या कालामांना तथागत काय म्हणाले होते? केवळ परंपरा आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही नको.

दुसरे टीकाकार विचारतात, उपाशी माणसाला स्वातंत्र्य कशाला? यात तथ्य आहे. समतेवाचून स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांची सत्ता, असे बाबासाहेबही २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात म्हणाले. पण स्वातंत्र्यावाचूनची समता माणसाची स्वयंप्रेरणा मारते, हेही त्यांनी लगेच सांगितले. टीकाकार पहिले वाक्य वाचतात आणि पुस्तक मिटतात.

आता आपल्या वस्तीकडे या. दोन सज्ञान माणसांच्या विवाहाला कुटुंबाची वा जमातीची संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. तरी मुलीने स्वतःच्या मनाने जोडीदार निवडला की आपल्याकडेही बैठक बसते, पंच बोलतात, त्या घराशी येणेजाणे तोडा म्हणतात. महाराष्ट्राच्या २०१६ सालच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात अशा बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही आहे. त्यात बौद्ध वस्तीतल्या पंचांना सूट नाही.