प्रभूच्या सेवकाची आठवण कशी करावी?

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६–४३, फिलिप्पैकरांस पत्र २:२५–३०



ज्यास मंडळीकडून वेतन मिळत नाहीं, ज्याचें नांव अहवालांत येत नाहीं, आणि तरी ज्याच्यावांचून उपासना वेळेवर सुरू होत नाहीं, असा एखादा मनुष्य बहुतेक प्रत्येक खेड्यांतील मंडळींत असतो. तो मंदिर झाडतो, घंटा वाजवितो, आजाऱ्याची खबर पाळकास कळवितो, घरोघर फिरून मुठीचें धान्य गोळा करितो. असा मनुष्य प्रभूच्या ठायीं निजला म्हणजे मंडळीनें त्याची आठवण कशी करावी, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

१. त्याचें काम पुढें मांडावें. यापो हें समुद्रकांठचें बंदर. तेथें टबीथा नांवाची शिष्या होती. तिलाच ग्रीक भाषेंत दुर्कस म्हणत. दोन्ही नांवांचा अर्थ हरिणी असाच आहे. ती मरण पावली तेव्हां शिष्यांनीं जवळच लोद येथें असलेल्या पेत्राकडे दोन माणसें धाडलीं. पेत्र माडीवर आला, तेव्हां विधवांनीं तिची स्तुति करणारें भाषण केलें असें लूक लिहीत नाहीं. त्या रडत होत्या, आणि तिनें जिवंतपणीं शिवलेलीं वस्त्रें त्यास दाखवीत होत्या. पुढें पेत्रानें प्रार्थना केली व ती उठली. आपले मृत तसे उठलेले आज आपण पाहत नाहीं. शेवटल्या दिवशींच्या पुनरुत्थानाची आशा मात्र बाळगतों. परंतु त्या विधवांनीं जें केलें, तें आपणांसही करितां येतें. "फार भला मनुष्य होता" इतकेंच म्हणून थांबूं नये. त्यानें कोणास अक्षरें शिकविलीं, कोणाच्या आजारांत रात्र काढली, हें ज्याचें त्यानें उभें राहून सांगावें. जें घडलें तेवढेंच सांगावें. अतिशयोक्तीनें मृताचा मान वाढत नाहीं, आणि ऐकणाऱ्यांचा विश्वास मात्र उडतो.

२. मान देण्यास मरणाची वाट पाहूं नये. फिलिप्पै येथील मंडळीनें बंदींत असलेल्या पौलाकडे एपफ्रदीताच्या हातीं मदत पाठविली. तो तेथें मरणोन्मुख होईपर्यंत आजारी पडला, परंतु देवानें त्याजवर दया केली. त्यास परत पाठवितांना पौल मंडळीस सांगतो कीं, याचा आनंदानें स्वीकार करा व अशांस मान द्या. हें त्यानें एपफ्रदीत जिवंत असतांना लिहिलें, हें ध्यानांत घ्यावें.

येथें मला स्वतःचा एक दोष कबूल केला पाहिजे. मी ज्या मंडळीची सेवा करीत होतों, तेथें एक वृद्ध बंधु मुठीचें धान्य जमा करीत. एके वर्षीं हिशेबांत दोन पायली ज्वारी कमी भरली, आणि पंचांत कुजबुज सुरू झाली. महिन्याभरांत उलगडा झाला. आमच्याकडे सपाट मापानें नोंद झाली होती, आणि विकत घेणाऱ्यानें शीग लावून मोजून घेतलें होतें. पंचांचें समाधान झालें. परंतु कुजबुज गांवभर पसरली होती, आणि मीं भर उपासनेंत उभें राहून ते निर्दोष आहेत असें सांगितलें नाहीं. विषय पुन्हां उकरूं नये, असें मनाशीं म्हणून मीं गप्प बसलों. त्यांनीं मात्र एकही रविवार घंटा चुकविली नाहीं. पुढें ते वारले, तेव्हां कबरेपाशीं मीं त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं पुष्कळ बोललों. त्यांची विधवा शांतपणें म्हणाली, "पाळकसाहेब, हें त्यांच्या कानीं पडावयास हवें होतें." त्या वाक्यास माझ्याजवळ उत्तर नव्हतें, आजही नाहीं. बंधूंनो, तुमच्या मंडळींतील अशा सेवकाविषयीं कांहीं चांगलें सांगावयाचें राहिलें असेल, तर तें येत्या रविवारींच सांगा.

३. त्याचें काम हातीं घ्यावें. मोशेसाठीं इस्राएल लोकांनीं तीस दिवस शोक केला (अनुवाद ३४:८), आणि मग ते यहोशवाच्या मागें चालूं लागले. आपल्या महाराष्ट्रांतही याचा दाखला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं मिशनचें वेतन सोडून सेवा आरंभिली व १९१९ सालीं ते निवर्तले. त्यांचें ख्रिस्तायन अपुरें राहिलें होतें. शाळेचें रीतसर शिक्षण न मिळालेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुरें केलें. शोक खरा असला म्हणजे तो हातांस काम लावितो.

यास्तव प्रत्येक मंडळीनें पुढील गोष्टी कराव्या. मृताच्या अंगावर कोणकोणतीं कामें होतीं त्यांची यादी करून तीस दिवसांच्या आंत तीं वाटून घ्यावीं. दहाव्या-तेराव्याच्या जेवणावळीसाठीं किंवा दगडी कबरेसाठीं घरच्यांस कर्ज काढूं देऊं नये. तोच पैसा मुलांच्या शिक्षणास लागो. विधवेच्या घरीं पहिलें वर्षभर आळीपाळीनें भेट द्यावी. मृतास प्रार्थना करूं नये. त्याजबद्दल देवाचे आभार मानावे.

आमच्या त्या मंडळींत पुढच्या रविवारीं घंटा वाजली नाहीं, आणि लोक उशिरां जमले. त्याच्या पुढच्या रविवारीं, धान्याविषयीं सर्वांत अधिक बोलणारे पंच स्वतः पहांटे येऊन दोर ओढीत होते. कोणीं त्यांस कांहीं विचारलें नाहीं.

वर्गासाठीं प्रश्न : (१) विधवांनीं पेत्रास काय दाखविलें, व कां? (२) एपफ्रदीतास मान द्या, असें पौलानें केव्हां लिहिलें? (३) आपल्या मंडळींत वेतनावांचून सेवा करणारे कोण आहेत? त्यांचे आभार आपण शेवटीं केव्हां मानले?