खारी हलकी नसते

'डॉक्टर, साखर पूर्ण बंद केली. सकाळी फक्त बिनसाखरेचा चहा आणि चार खारी. तरी रक्तातली साखर वाढते कशी?' मधुमेहाचे रुग्ण हा प्रश्न नेहमी विचारतात.

उत्तर त्या चार खारींतच आहे. खारी जिभेला गोड लागत नाही; पण ती मैद्याची असते, आणि मैद्यातील पिष्टाचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. पाव आणि बटर यांचेही तेच. टोस्ट व नानकटाईत तर वर साखरही असते. तेव्हा 'गोड नाही, म्हणजे चालेल' हा पहिला गैरसमज.

दुसरा गैरसमज हलकेपणाचा. तापातून उठलेल्या माणसाला आपण प्रेमाने चहा-खारी देतो. खारी हाताला हलकी लागते ती पापुद्र्यांमधील हवेमुळे. परंतु हे पापुद्रे सुटावेत म्हणून थराथरांत वनस्पती तूप किंवा मार्गारीन भरपूर घालावे लागते. एक ग्रॅम पिष्टातून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९. शिवाय अर्धवट हायड्रोजन मिसळून घट्ट केलेल्या तेलात 'ट्रान्स फॅट' असते. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चांगले घटते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात खाद्यतेल व तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, ही समाधानाची बाब. मात्र सुट्या मालात कोणते तूप वापरले, हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

रक्तदाबाच्या रुग्णांनी मिठाचाही हिशेब ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सुमारे एका चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे. भाजी अळणी करून शेव-फरसाणाची वाटी पुढे ओढली, तर पथ्याचा उपयोग काय?

मग बेकरीची पायरी चढूच नये काय? तसे मुळीच नाही. पुढील गोष्टी सांभाळाव्यात :

१) खारी-फरसाण रोजची न्याहारी नसावी, कधीतरी, मोजून खावे.

२) रोजच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे, कमी तेलाचे पोहे किंवा भाकरी घ्यावी. मधुमेहींनी यांचेही प्रमाण सांभाळावे.

३) कढईतील तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसले, तर तेथील वडा-भजी टाळावी.

४) वर्तमानपत्राच्या कागदात तळलेला पदार्थ बांधून घेऊ नये. शाई अन्नात उतरते. हा अंकही त्याला अपवाद नाही!

शेवटी महत्त्वाचे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक दरदरून घाम, थरथर, भोवळ आली, तर साखर कमी झाली असण्याचा संभव असतो. अशा वेळी खारी-बिस्किट देऊ नये. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा.