गोळी कुणी दिली, पदक कुणाचं गेलं?



'खेळ आणि उत्तेजक द्रव्ये' हा विषय वर्गात घेतला की मुलांचं उत्तर तयारच असतं : "फसवलं ना? मग काढा बाहेर!" बेन जॉन्सनचं उदाहरण दिलं तर ते चपखल बसतंही. १९८८, सोल ऑलिंपिक, १०० मीटर ९.७९ सेकंदांत. तपासणीत स्टेरॉइड सापडलं, पदक गेलं. विषय संपला.

म्हणून तुम्ही आंद्रेआ रादुकानची गोष्ट सांगून बघा. रोमानियाची जिम्नॅस्ट, वय १६. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने वैयक्तिक सर्वांगीण स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती, ती तिने घेतली. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं आणि त्यावर तेव्हा बंदी होती. सुवर्ण काढून घेतलं. क्रीडा लवादाने तिचं अपील फेटाळलं. डॉक्टरांवरही बंदी आली, पण पदक गेलं ते मुलीचं.

इथे मुलं गप्प होतात. नियम असा, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच; हेतू काय होता हे पदकापुरतं बघायचं नाही. कठोर आहे, पण मला पटतो. "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर सोडायचं म्हटलं तर प्रत्येक जण तेच सांगेल. मात्र पदक काढून घेणं वेगळं आणि त्या मुलीला लबाड ठरवणं वेगळं. मुलं हे दोन्ही एकच समजतात. (खरं सांगायचं तर आपणही समजतो.)

आता उलटं उदाहरण. पूर्व जर्मनीत कोवळ्या जलतरणपटू मुलींना 'जीवनसत्त्वं' म्हणून हार्मोनच्या गोळ्या दिल्या जात. त्याच २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने तिथले क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवलं. शिक्षा झाली, पण स्थगित; तुरुंगात कुणी गेलं नाही. त्या काळातली ऑलिंपिक पदकं मात्र नोंदीत तशीच राहिली.

दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि विचारा : गोळी देणाऱ्याला काय व्हायला हवं होतं? घाई करू नका, मुलांना भांडू द्या.

एक माहिती शेवटासाठी राखून ठेवा. २००४ मध्ये स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून काढलं आणि २०१० मध्ये ठरावीक प्रमाणाच्या मर्यादेसह परत घातलं. रादुकानचं पदक काही परत मिळालं नाही. एवढं सांगितलं की वर्गात हमखास दोन तट पडतात.