भिन्न धर्म, एक मागणी



आपला धर्म न सोडता, दुसऱ्या धर्माच्या मंडळींबरोबर एका कामासाठी उभे राहता येते काय? की असे एकत्र येणे म्हणजे 'सर्व धर्म सारखेच' असे म्हणून आपला विचार पातळ करणे होय? परदेशातील दोन शहरांच्या अनुभवावरून या प्रश्नाचा अभ्यास करू.

पहिले शहर अमेरिकेतील बाल्टिमोर. तेथे १९७७ साली 'बिल्ड' ही संघटना स्थापन झाली. कृष्णवर्णीयांची चर्चेस हा तिचा कणा. १९९० नंतर चर्चच्या अन्नछत्रांत बेकारांबरोबर दिवसभर राबणारे लोकही जेवायला येऊ लागले. महापालिकेची कामे करणारे कंत्राटदार कामगारांच्या हाती जेमतेम कायद्याचे किमान वेतन ठेवीत. ते तासाला ४.२५ डॉलर होते. पोट भरण्यास ते पुरत नव्हते. मग मंडळींनी विचारले : भुकेल्याला आपण किती वर्षे जेवू घालणार? कामगार संघटनेला जोडीला घेऊन त्यांनी लढा दिला. १९९४ च्या डिसेंबरात शहराने कायदा केला आणि महापालिकेच्या कंत्राटी कामगारांना १९९५ पासून तासाला ६.१० डॉलर मिळू लागले.

बाल्टिमोरच्या लढ्यात बहुतेक मंडळी ख्रिस्ती होती. खरी कसोटी लागली ती पूर्व लंडनमध्ये. तेथे १९९६ साली 'टेल्को' ही संघटना उभी राहिली. चर्चेस, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना तिच्या सभासद झाल्या. प्रत्येक संस्थेने वर्गणी भरली, त्यामुळे सरकारी पैशाचे ओझे राहिले नाही. कार्यकर्ते प्रथम भाषणे देत सुटले नाहीत. त्यांनी एकेका माणसाजवळ बसून त्याचे दुःख ऐकले. दोन-दोन नोकऱ्या करूनही घर चालत नाही, मुलांना वेळ देता येत नाही, हेच चर्चमध्ये ऐकू आले आणि हेच मशिदीत ऐकू आले.

कुटुंबाचे भाडे, अन्न, कपडालत्ता यांचा हिशेब मांडून २००१ साली 'निर्वाह वेतना'ची चळवळ सुरू झाली. कॅनरी वॉर्फ भागातील बँका म्हणत, सफाई कामगार कंत्राटदाराचे आहेत. कंत्राटदार म्हणत, बँकच जास्त पैसे देत नाही. ही टोलवाटोलवी मोडण्यासाठी कार्यकर्त्यांनी शेअर घेतले. २००३ साली एचएसबीसी बँकेच्या वार्षिक सभेत रात्रपाळीचा एक सफाई कामगार उभा राहिला आणि ज्यांची कचेरी तो झाडीत असे, त्या अध्यक्षांनाच त्याने आपल्या वेतनाचा जाब विचारला. त्यानंतर तेथील बँकांच्या सफाई कामगारांचे वेतन वाढू लागले. २००५ पासून लंडनच्या महापौरांचे कार्यालय निर्वाह वेतनाचा दर जाहीर करू लागले. हा दर मालकांवर कायद्याने बंधनकारक नाही, ही त्याची मर्यादा. तरीही हजारो मालकांनी तो स्वीकारला आहे.

यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१. कोणीही आपली प्रार्थना बदलली नाही. कोणाचा ईश्वर खरा, हा वाद सभेत आला नाही. मागणी आकड्यात होती.

२. अन्नछत्र एकटी संस्थाही चालवू शकते. वेतन मात्र एकट्याने वाढत नाही, त्याला बळ लागते.

३. वर्गणी आणि आसन सर्वांचे होते. जेथे एक यजमान आणि दुसरा आश्रित, तेथे सहकार्य होत नाही. उपकार होतो.

आपल्याला हे परके नाही. वज्जी लोक वारंवार जमतात व एकोप्याने निर्णय करतात, हे भगवान बुद्धांनी त्यांच्या सामर्थ्याचे एक कारण मानले. पूज्य बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना १९४६ साली किमान वेतनाचे विधेयक मांडले. संविधानाच्या ४३ व्या अनुच्छेदात 'निर्वाह वेतन' हाच शब्द आहे. बाबासाहेबांनी धर्मांतर केले ते समतेसाठी. म्हणून समतेच्या आसनावर बसून न्याय मागताना धम्म पातळ होत नाही. आसन खालचे असेल, तर मात्र उठून यावे.

विहारातील चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या गावातील कंत्राटी सफाई कामगारांना किती वेतन मिळते? कोणी विचारले आहे काय?

२. त्यांच्यात कोणकोणत्या धर्मांचे लोक आहेत?

३. त्यांच्यासाठी कोणती एक मागणी सर्व मिळून करता येईल?